वर्षे आणि अवस्था : एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात स्त्रीच्या वयाची मोजणी

इ. स. १८९१ च्या मार्च महिन्याच्या १९ तारखेस गव्हर्नर जनरलच्या कायदेकौन्सिलाने संमतिवयाचे बिल मंजूर केले. बिलाचा मुख्य भाग अगदी आखूड होता. १८६० च्या भारतीय दंडविधानातील ३७५ व्या कलमात मुलीच्या वयाचा जो 'दहा' वर्षांचा आकडा होता, त्याच्या जागी 'बारा' हा आकडा घालावयाचा, एवढाच त्याचा आशय. या दोन वर्षांच्या फरकासाठी पुण्यामुंबईत सभा झाल्या, सभा उधळल्या गेल्या, 'केसरी' आणि 'सुधारक' यांनी एकमेकांवर स्तंभच्या स्तंभ खर्ची घातले. या वादाचा इतिहास बहुधा परकी सरकारचा अधिकार विरुद्ध स्वकीयांची सुधारणा या सूत्राने मांडला जातो, आणि तो तसा मांडणे चूक नाही. परंतु भाषेच्या अभ्यासकाला त्या कागदपत्रांत आणखी एक गोष्ट दिसते. वादी आणि प्रतिवादी दोघेही 'वय' हा एकच शब्द वापरीत होते. मात्र त्या शब्दाने दोघांना एकच वस्तू अभिप्रेत नव्हती. एका पक्षाच्या मनात वर्षे होती, दुसऱ्याच्या मनात अवस्था. हा भेद ध्यानात घेतल्यावाचून त्या काळातील बालविवाह, वैधव्य आणि वार्धक्य या तिन्ही प्रश्नांचा परस्परसंबंध उलगडत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम अवस्थांचा विचार करू. स्मृतिग्रंथांतून आठ वर्षांच्या मुलीस गौरी, नऊ वर्षांच्या मुलीस रोहिणी आणि दहा वर्षांच्या मुलीस कन्या अशी नावे दिलेली आढळतात. त्यापुढील मुलगी रजस्वला. वरवर पाहता ही वर्षांचीच गणना आहे. पण ही गणना दहाशी थांबते, आणि का थांबते हे उघड आहे. जिच्या दानाचा प्रश्न शिल्लक आहे तिचीच वर्षे मोजावयाची. दान झाले की मोजणी संपली. व्यवहारातील मराठी तर वर्षांचा आधारही घेत नाही. मुलीला न्हाण येते, पदर येतो. तिला मखरात बसवितात, तिची ओटी भरतात, मग फलशोभन होते आणि ती सासरी नांदावयास जाते. पुढे ती सवाष्ण, लेकुरवाळी, सासू अशा पायऱ्या चढते किंवा एका दिवसात सोवळी होऊन त्या शिडीवरून खाली येते. या शब्दांपैकी एकही शब्द तिने किती पावसाळे पाहिले हे सांगत नाही. उलट ज्या एका शब्दात वर्षांची जाणीव स्पष्ट आहे, तो 'घोडनवरी' हा शब्द, उपहासाचा आहे. वेळेत अवस्था बदलली नाही म्हणजेच वय दिसू लागते, एरवी ते दिसत नाही, असा त्याचा अर्थ.

आर्नोल्ड व्हान जेनेप यांनी १९०९ साली संक्रमणविधींवर लिहिलेल्या ग्रंथात शारीरिक यौवनप्राप्ती आणि सामाजिक यौवनप्राप्ती या दोन भिन्न गोष्टी असून त्या क्वचितच एका वेळी घडतात, असे प्रतिपादिले आहे. महाराष्ट्रातील ब्राह्मणी रूढीने या दोन गोष्टी जणू हट्टाने एकत्र बांधल्या होत्या. पहिल्या ऋतूनंतर ठराविक रात्रींच्या आत गर्भाधान झालेच पाहिजे, न झाल्यास पातक, हा बिलाच्या विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा होता. मुलीला अकराव्या वर्षी ऋतू प्राप्त झाला आणि सरकारने बारा वर्षांची मर्यादा घातली, तर धर्म मोडावयाचा की कायदा, असा तो पेच होता. वर्ष आणि अवस्था यांची टक्कर नेमकी येथे होत होती.

या पेचाला डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी दिलेले उत्तर आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. १८९१ मध्ये त्यांनी विवाहाच्या आणि गर्भाधानाच्या वयाविषयी धर्मशास्त्राचा अभिप्राय काय, यावर एक टिपण प्रसिद्ध केले. त्यांची पद्धती शब्दार्थाची आणि कालक्रमाची होती. गृह्यसूत्रांत विवाहानंतर चौथ्या रात्री करावयाचे चतुर्थीकर्म सांगितले आहे. वधू प्रौढ नसती तर त्या विधीला अर्थच उरत नाही. म्हणून गृह्यसूत्रांच्या काळी विवाह यौवनप्राप्तीनंतर होत असले पाहिजेत, असे त्यांचे अनुमान. मग काही सूत्रांत वधू 'नग्निका' असावी असे म्हटले आहे त्याची वाट काय? रूढ अर्थ असा की, जी अजून नागडी हिंडू शकते इतकी लहान ती नग्निका. परंतु हिरण्यकेशी गृह्यसूत्राचा टीकाकार मातृदत्त हा शब्द अगदी उलट लावतो. त्याच्या मते नग्निका म्हणजे जिचा ऋतुकाल जवळ आला आहे, जी पतिसमागमास योग्य झाली आहे, ती. एका शब्दाची फोड इकडे केली तर आठ वर्षांची मुलगी उभी राहते, तिकडे केली तर उपवर तरुणी. जर्मन पंडित योली यांच्याशी भांडारकरांचा या प्रश्नावर पुढे वाद झाला आणि १८९३ मध्ये बालविवाहाच्या इतिहासावर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. व्युत्पत्तीचा विचार पंडितांच्या बैठकीतून उठून कोवळ्या मुलींच्या अंथरुणापर्यंत पोहोचल्याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. भांडारकरांच्या निष्कर्षाकडे त्यांच्या काळातील शास्त्र्यांनी पाठ फिरविली हे खरे. तथापि शास्त्रालाही इतिहास असतो, आणि त्यात एका शब्दाचे अर्थ पालटत गेलेले असतात, ही दृष्टी त्या टिपणाने मराठी वाचकाला दिली.

वर्षांचा पक्ष मात्र दिसतो तितका सरळ नव्हता. ज्या घटनेने बिलाला निकड आणली ती कलकत्त्याची. १८९० मध्ये फूलमणी दासी ही दहा वर्षे उलटलेली मुलगी, वयाने तिच्या तिप्पट असलेल्या पतीच्या समागमामुळे मरण पावली. पती हरिमोहन मैती याच्यावर बलात्काराचा आरोप टिकू शकला नाही, कारण मुलीने दहावे वर्ष ओलांडले होते. अविचाराने जबर इजा केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. तिचे वय किती, हा प्रश्न न्यायालयात साक्षीपुराव्याने सोडवावा लागला. जन्माची नोंद सरकारदरबारी होण्याची रीत अजून सार्वत्रिक व्हावयाची होती. ज्या घरांत जन्मपत्रिका मांडीत तेथे तिथी, वार, नक्षत्र हाती होते. इतरत्र अमक्या दुष्काळाच्या आधीची, तमक्या लढाईच्या वर्षाची, एवढेच. शिरगणतीच्या कोष्टकांत त्या काळी वीस, तीस, चाळीस अशा गोल आकड्यांवर माणसांची जी गर्दी दिसते, ती याच अवस्थेची साक्ष आहे. वर्षे मोजण्याची सवय नसलेल्या समाजाला सरकारने वर्षे विचारली आणि समाजाने अदमासाने उत्तर दिले. 'मुलीचे वय ठरवावयाचे म्हणजे तिची तपासणी होणार', ही विरोधकांची भीती केवळ कांगावा नव्हती. सरकारनेही ती ओळखली होती. पतीविरुद्धच्या अशा खटल्याची दखल फक्त जिल्हा मॅजिस्ट्रेट किंवा इलाख्याच्या शहरातील मुख्य मॅजिस्ट्रेट यांनीच घ्यावी, अशी तरतूद करण्यात आली. परिणामी कायदा कागदावर राहिला आणि न्यायालयात फारसा दिसला नाही.

याच सुमारास मुंबईत एका स्त्रीने स्वतःच्या वयाचा हिशोब स्वतः मांडला होता. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या माहेरीच राहिल्या, वाचीत राहिल्या, आणि पुढे नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळताना जे कारण दिले, त्यात शब्दाची चिकित्सा आहे. ज्या सहवासाची कधी स्थापनाच झाली नाही त्याची पुनःस्थापना कशी मागता येईल, असा त्याचा मथितार्थ. वरच्या न्यायालयाने हा निर्णय फिरविला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत पतीकडे जावे, न गेल्यास सहा महिने कारावास भोगावा, असा हुकूम दिला. त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्य घालविले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, अकरा वर्षांच्या मुलीने बोललेल्या नव्हे, तिच्या वतीने इतरांनी बोललेल्या शब्दाने बावीस वर्षांची स्त्री बांधली जात नाही. म्हणजे लग्न झाले तेव्हाची मुलगी आणि आज न्यायालयात उभी असलेली बाई यांच्यामध्ये वर्षे गेली आहेत, या साध्या गोष्टीची दखल घ्या. अवस्थांच्या हिशोबात ही वर्षे शून्य होती. लग्न झालेली ती लग्न झालेली; मधल्या काळात ती काय शिकली, काय समजली, याला त्या हिशोबात रकाना नव्हता. इतके करूनही तो हिशोब त्यांना पूर्णपणे सुटला नाही. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर, ज्याच्या घरचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही त्या पतीसाठी, चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या डॉक्टरीणबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे घेतली. या वर्तनाचा उलगडा त्यांच्या चरित्रकारांनी निरनिराळ्या प्रकारे केला आहे. आम्हांस ते पराभवाचे चिन्ह वाटत नाही, पण त्यातील गूढही लपविता येत नाही.

येथवर ज्याचा उल्लेख ओझरता आला, तो पुरुषाच्या वयाचा प्रश्न. संमतिवयाच्या सबंध वादात मुलीच्या वयाची वर्षे, महिने, रात्री मोजल्या गेल्या. समोरच्या पुरुषाचे वय कायद्यात कोठेच आले नाही. रूढीतही त्याला अडथळा नव्हता. पत्नी वारल्यावर १८७३ मध्ये एकतीस वर्षांच्या न्यायमूर्ती रानड्यांचे लग्न अकरा वर्षांच्या रमाबाईंशी झाले, ते वडिलांच्या आग्रहाने. आणि विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने कुमारिकेचे पाणिग्रहण केले म्हणून त्यांच्यावर जो ठपका आला तो वधूच्या विधवा नसण्याबद्दल होता, दोघांतील वीस वर्षांच्या अंतराबद्दल नव्हता. मराठीत अशा वरास 'बिजवर' म्हणतात, तिसऱ्यांदा उभा राहिला तर 'तिजवर'. या शब्दांत खेप मोजली आहे, वय नव्हे. वादात पुरुषाची वर्षे मोजणारा एक प्रस्ताव आला तो, आश्चर्य वाटेल, बिलाच्या प्रमुख विरोधकाकडून. १८९० मध्ये लोकमान्य टिळकांनी सुधारकांपुढे काही कलमे ठेवली. मुलीचे लग्न सोळाव्या आणि मुलाचे विसाव्या वर्षापूर्वी करू नये, चाळिशी उलटलेल्या पुरुषाने लग्न करू नये आणि करावयाचेच तर विधवेशी करावे, हुंडा घेऊ नये, विधवेचे केशवपन करू नये. मात्र हे बंधन सही करणाऱ्यांपुरते असावे. सह्या करण्यास फारसे कोणी पुढे आले नाही. हा प्रस्ताव डावपेचाचा होता असे म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्यही असेल. परंतु मर्यादेची रेघ पुरुषाच्या वयावरही ओढता येते हे त्यात मान्य केले होते, एवढे खरे. १८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकाने जरठाच्या लग्नाचा जो धिक्कार रंगभूमीवर उभा केला, त्याचे काम त्या कलमाहून कितीतरी प्रभावी ठरले. (१९२९ चा बालविवाहप्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो, मराठी माणूस त्याला 'शारदा कायदा' म्हणू लागला आणि देवलांच्या नायिकेशी त्याचे नाते जोडून बसला. लोकांची व्युत्पत्ती अशास्त्रीय असते, पण अनेकदा मर्मज्ञ असते.)

आता वैधव्याकडे वळू, कारण वर्षे आणि अवस्था यांतील अंतर तेथे सर्वांत भयंकर रूप घेते. गोदूबाई जोशी यांचे लग्न आठव्या वर्षी झाले आणि तीन महिन्यांत त्या विधवा झाल्या. वर्षांनी मूल, अवस्थेने आयुष्य संपलेली बाई. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले तेव्हा गोदूबाई तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी ठरल्या, आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. ज्यांच्या वाट्याला असे दार उघडले नाही त्यांची संख्या किती, हे सांगण्याची गरज नाही. केशवपन, एकभुक्त राहणे, आलवण नेसणे, मंगलकार्यात मागे राहणे, ही सारी आचारसंहिता वस्तुतः वार्धक्याची आहे. कामविकारापासून निवृत्ती, अलंकारत्याग, व्रते, तीर्थयात्रा हे आश्रमव्यवस्थेने पुरुषाला उत्तरायुष्यात आणि त्याच्या इच्छेने सांगितले. तेच विधवेला कोणत्याही वयात आणि इच्छेविरुद्ध लावले गेले. म्हातारपण हे तिच्या बाबतीत शरीराकडून येत नसे, पतीच्या मृत्यूकडून येत असे. तेच शरीर मात्र तरुण असे आणि त्या तारुण्याचा दोष तिच्यावरच ठेवला जाई. १८६३ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले ते याच विसंगतीतून. आणि सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये झालेल्या शिक्षेने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. ताराबाईंचा प्रश्न साधा होता. बायको मेल्यावर नवऱ्याने तोंडाला काळे फासून रानात का जाऊ नये, अशा रोखाचा. त्याला समकालीनांनी उत्तर दिले नाही.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. हे चित्र सर्व महाराष्ट्राचे नव्हे. पुष्कळ जातींत विधवेला पाट किंवा म्होतूर लावण्याची मोकळीक होती. आर्थर स्टील यांनी १८२७ साली दख्खनेतील जातींच्या चालीरीतींचा जो संग्रह केला त्यात तिची नोंद आहे. रखमाबाईंच्या मातोश्री जयंतीबाई या विधवा झाल्यावर त्यांचा डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह होऊ शकला तो त्यामुळेच. तथापि भाषा येथेही पक्षपात करते. पुरुषाचे दुसरे, तिसरे, कितवेही लग्न हे लग्नच. स्त्रीचे मात्र पहिले तेवढे लग्न आणि दुसरे पाट. त्यात विधी तोकडा, वेळ अनेकदा रात्रीची, आणि पाटाच्या बायकोला काही मंगलकार्यांत मान कमी. प्रतिष्ठा वाढू लागलेल्या घराण्यांनी पुढे पाट बंद करण्यातच मोठेपणा मानला, ही त्याहून खेदाची गोष्ट. आणि हेही नमूद केले पाहिजे की, अवस्थांच्या शिडीवर वरच्या पायरीला पोहोचलेल्या वडील स्त्रिया स्वतःच तिच्या राखणदार होत. रमाबाई रानड्यांच्या आठवणी (१९१०) वाचताना, त्यांच्या शिकण्याला घरात झालेला विरोध पतीकडून नव्हे, वडीलधाऱ्या बायकांकडून झाला, हे पानोपानी जाणवते. ज्यांना दुसरी कोणतीही सत्ता कधी मिळाली नाही त्यांनी मिळालेली सत्ता घट्ट धरून ठेवली, यात नवल ते काय?

शब्दांच्या इतिहासाकडे पाहिले तर हा पक्षपात फार खोल गेलेला दिसतो. 'विधवा' हा शब्द भारतीय आर्यभाषांच्याही पूर्वीचा. लॅटिनमधील 'विदुआ' त्याचा सोदर. संस्कृत वैयाकरणांनी त्याची वि + धवा अशी फोड केली आणि तीतून 'धव' म्हणजे पती असा शब्द बाहेर काढला. आधी विधवा, मग तिच्यातून नवरा, असा हा उलटा प्रवास आहे. 'विधुर' या शब्दाचा मूळ अर्थ व्याकुळ, वंचित एवढाच. पत्नी गेलेला पुरुष हा अर्थ त्याला नंतर चिकटला. बायको नसलेल्या पुरुषासाठी स्वतंत्र प्राचीन शब्दाची निकड भाषेला वाटली नव्हती, असे म्हणावे लागते. 'म्हातारा' हा शब्द 'महत्तर' पासून आला, म्हणजे अधिक मोठा, मानाचा. म्हातारी हे त्याचे स्त्रीलिंगी रूप झाले खरे, पण गावचा महत्तर कधी बाई नव्हती. पत्रांतील मायन्यांची गोष्ट तर प्रत्येक मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. मुलगा 'चि.' असतो, मोठा झाला की 'रा. रा.' होतो, वडील झाला की 'ती.' होतो, त्याचे मायने त्याच्या वयाबरोबर चढतात आणि पत्नी असण्यानसण्याने बदलत नाहीत. मुलगी 'चि.' पासून 'चि. सौ. कां.' होते, मग 'सौ.', आणि पती वारल्यास 'गं. भा.'. वडील झाल्यावर तिलाही 'ती.' मिळते, परंतु त्यापुढे 'सौ.' किंवा 'गं. भा.' राहतेच. नऊ वर्षांची गंगाभागीरथी आणि नव्वद वर्षांची सौभाग्यवती या दोन्ही गोष्टी या पद्धतीत अगदी निर्दोष ठरतात.

कायद्याने पुढे वर्षांचाच मार्ग धरला. १९२९ मध्ये वधूचे किमान वय चौदा, १९४९ मध्ये पंधरा, १९७८ मध्ये अठरा. वराचे प्रथम अठरा, १९७८ पासून एकवीस. पत्नीबाबतचा दंडविधानातील अपवाद मात्र मागे राहिला. तेथील वय १९२५ मध्ये तेरा आणि १९४९ मध्ये पंधरा झाले आणि तेथेच थांबले. लग्नास अठरा वर्षे लागतात, पण लग्न झालेच असेल तर पंधरा पुरतात, ही विसंगती सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ च्या निर्णयाने दूर केली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत आता अठराच वर्षे आहेत. म्हणजे एकदा लग्न झाले की वर्षे मोजावयाची नाहीत, हा अवस्थेचा जुना नियम कायद्याच्या आतच एकशे सव्वीस वर्षे दबा धरून बसला होता. वधूवरांच्या किमान वयांतील तीन वर्षांचे अंतर तर अजून कायम आहे. ते मिटविण्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये मांडलेले विधेयक २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्द झाले. नवरा मोठाच असावयाचा, या गृहीतकाला वर्षांची भाषा बोलणारा कायदाही धक्का लावू शकलेला नाही.

अवस्थांची भाषा कायद्याने मोडत नाही, ती वापरणाऱ्यांनी मोडावी लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्यशासनाने इतर गावांनाही तो कित्ता गिरविण्यास सांगितले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, शासनाच्या महिला व बालविकास विभागापुढे एक सूचना आली. 'विधवा' हा शब्द मानहानिकारक असल्याने त्याऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावे, अशी. टीका झाल्यावर तो केवळ चर्चेचा विषय होता, असा खुलासा करण्यात आला. आमच्या विभागाच्या प्रवेशपत्रिकेवर विद्यार्थिनीच्या नावापूर्वी 'कु. / सौ. / श्रीमती' असा छापील पर्याय आजही आहे, आणि विद्यार्थ्याच्या नावापूर्वी फक्त 'श्री.'. 'श्रीमती' हा हिंदीत विवाहितेचा शब्द मराठीत पुष्कळांना वैधव्यसूचक वाटतो. म्हणून अविवाहित प्रौढ विद्यार्थिनी तेथे काय खोडावे असे विचारण्यास दर जूनमध्ये कचेरीच्या खिडकीशी येतात.